दुसरी वही

दोन वर्षांच्या मुलीचे वजन 8 किलो 100 ग्रॅमच्या खाली असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ती तीव्र कमी वजनाच्या रकान्यात जाते. तेच 8 किलो 200 भरले, तर ती मध्यम कमी वजनाची ठरते. मधला फरक शंभर ग्रॅमचा. अंगातले झबले, पायातले वाळे, वजनाआधी पाजलेली वाटीभर पेज, शून्यावर नीट न आणलेला काटा, यांतल्या कशानेही तो भरून निघतो. त्यातच मूल रडते, हातपाय झाडते, काटा हेलकावे खातो. अंगणवाडी सेविकेला बाकीच्या मुलांची वजने उरकायची असतात, आहार वाटायचा असतो, रजिस्टरे भरायची असतात, मोबाइलवर माहिती चढवायची असते. हलत्या काट्यावरून नेमका कोणता आकडा उचलायचा, हे त्या क्षणी तिच्यावरच असते.

तिने ‘तीव्र’ लिहिले तर पुढे काय काय होते? मुलाला ग्राम बालविकास केंद्रात घ्यायचे, दिवसातून अनेकदा खाऊ घालायचे, पुन्हा पुन्हा वजन करायचे. मूल सुधारले नाही तर आईला मजुरी बुडवून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात जाऊन राहायला राजी करायचे, आणि घरी आणखी दोन लेकरे असताना ती राजी होत नाही. महिन्याच्या बैठकीत पर्यवेक्षिका विचारते, ‘तुझ्याच अंगणवाडीत मुले कशी वाढली गं?’ पर्यवेक्षिकेला तोच प्रश्न बालविकास प्रकल्प अधिकारी विचारतात आणि त्यांना जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. रकान्यात ‘निरंक’ लिहिले तर मात्र कोणीच काही विचारत नाही. महिन्याला तुटपुंजे मानधन घेणाऱ्या त्या बाईला मी खोटारडी म्हणणार नाही. खरे बोलण्याची सगळी किंमत आपण तिच्या एकटीच्या पदरात टाकली आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

सरकारी कामाच्या मोजमापातली सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. ज्याचे काम मोजायचे त्याच्याच हातात वजनकाटा, आणि त्या वजनावरून झडतीही त्याचीच. निर्देशांक किती असावेत, गुण कसे द्यावेत, रंगीत तक्ते कसे काढावेत, यावर चर्चासत्रे पुष्कळ होतात. आकडा लिहिणाऱ्याचे पुढे काय होते आणि त्याच्या वहीशेजारी दुसऱ्या कोणाची वही आहे का, हे दोन प्रश्न त्या चर्चेत अभावानेच निघतात.

खासगी दुकानाचे बरे असते. माल खपला नाही तर गल्ला रिकामा राहतो आणि मालकाला संध्याकाळीच ते कळते. प्राथमिक आरोग्य केंद्राला गल्ला नाही. तहसील कार्यालयाला गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही, कारण सातबारा दुसरीकडे मिळत नाही. पोलीस ठाण्याला नफा नसतो. म्हणून सरकारला आपले काम कसे चालले आहे हे मुद्दाम मोजून पाहावे लागते. तिथे खर्च मोजणे सगळ्यात सोपे, कारण तो कोषागारातून जातो. त्यानंतर काम मोजता येते: किती शाळा उघडल्या, किती लसी टोचल्या. त्या शाळेत पोरांना वाचता येऊ लागले का, त्या लसीमुळे गोवर थांबला का, हे मोजणे अवघड. केंद्राने 2005 मध्ये परिणामांचा अर्थसंकल्प आणला. 2009 मध्ये मंत्रालयांना शंभरपैकी गुण देणारे निकाल-आराखडे आणले आणि काही वर्षांत ते मागे पडले. हेतू चांगला होता. पण आराखडा खातेच मांडणार आणि वर्षअखेरीचा आकडाही खातेच देणार, अशा पद्धतीत गुणांवर कोणाचा विश्वास बसणार?

हा प्रश्न संगणकाच्या काळातला नाही, फार जुना आहे, आणि त्याचा एक धागा पुण्यात सापडतो. 1862 मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आणले. मूल नियमित हजर राहिले तर चार शिलिंग, आणि वाचन, लेखन, गणित या तीन विषयांत निरीक्षकासमोर उत्तीर्ण झाले तर आणखी आठ. मूल नापास झाले की त्या विषयाचे पैसे कापले जात. ‘निकालावर वेतन’ अशी ही योजना. करदात्याचा पैसा वाया जाऊ नये हा तिच्यामागचा विचार आजही पटण्यासारखा आहे. पण कवी मॅथ्यू अर्नोल्ड शाळा निरीक्षक म्हणून गावोगाव हिंडत होते, आणि त्यांना वर्गात वेगळेच दिसले. शिक्षक वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेत होते. मूल ते पुस्तक घडाघडा म्हणे, आणि त्याच भाषेतला दुसरा कोणताही मजकूर समोर ठेवला की अडखळे. परीक्षेत नसलेले विषय शाळेतून हळूहळू बाहेर पडले. ही पद्धत पुरती मोडीत निघायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली.

मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. 1882 मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग भारतात चौकशी करत असताना जोतीराव फुले यांनी आयोगाला निवेदन दिले. त्यावरची तारीख 19 ऑक्टोबर 1882. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यातली मागणी आपण सगळे जाणतो. त्याच निवेदनात त्यांनी निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीवरही बोट ठेवले आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांचे म्हणणे असे की ज्या लोकांत शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, जे गरीब आहेत, त्यांच्यात ही पद्धत चालणार नाही. त्यांच्या वस्तीत कोणी शिक्षक आपणहून शाळा काढणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही.

मापनशास्त्राच्या पुस्तकांत हा मुद्दा फार उशिरा आला. पुण्यात मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी शाळा काढून दाखवलेल्या माणसाला तो कामातूनच कळला होता. सारखे फळ मागणाऱ्या मोजणीत सुरुवातीची असमानता दडपली जाते. ज्या घरात आधीच पाटी-पुस्तक आहे, तिथली मुले परीक्षा लवकर पास होतात, म्हणजे अनुदान तिकडे वळते. ज्या वस्तीत शाळेची सगळ्यात जास्त गरज, तिथे ती चालवणे तोट्याचे होते. आज जिल्ह्यांची क्रमवारी लागते तेव्हा पुणे आणि नंदुरबार एकाच यादीत येतात, आणि नंदुरबारचा अधिकारी वर्षभर राबूनही खालच्या पायरीवरच दिसतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे आपले चार जिल्हे होते. त्यात जिल्हा कुठे आहे यापेक्षा महिन्याभरात तो किती पुढे सरकला यावर क्रम लावला गेला. जोतीरावांच्या आक्षेपाला हे निदान अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते.

उद्दिष्टांनी काम होतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. 2000 नंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने रुग्णालयांना शून्य ते तीन तारे देऊन त्यांची जाहीर क्रमवारी लावली. शस्त्रक्रियेसाठी वर्ष-वर्ष वाट पाहणाऱ्या रुग्णांची रांग थोड्या वर्षांत जवळजवळ संपली. शेजारच्या वेल्समध्ये डॉक्टर तेच, पद्धत तीच, पण तारे नव्हते आणि वरिष्ठांच्या खुर्चीवर टांगती तलवारही नव्हती. तिथे रांग हटली नाही. ही तुलना उद्दिष्टांच्या विरोधकांनी लक्षात ठेवायला हवी.

पण त्याच इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकांचे काय झाले, तेही पाहावे. जिवावर बेतलेल्या रुग्णाकडे शंभरांतल्या 75 वेळा आठ मिनिटांच्या आत पोचायचे, असे उद्दिष्ट होते. गाडी पोचायला लागलेल्या वेळांचा आलेख काढला तर तो डोंगराच्या उतारासारखा सावकाश खाली यायला हवा, कारण रस्ते आणि वाहतूक यांना आठ मिनिटांचे भान नसते. 2003 मध्ये तपासणी झाली तेव्हा काही विभागांच्या आलेखात आठव्या मिनिटापाशी एक उंच सुळका उभा होता आणि नवव्या मिनिटाला कडा कोसळल्यासारखी रेघ खाली आलेली होती. काही ठिकाणी नोंदी सुधारल्या गेल्या होत्या. काही ठिकाणी घड्याळ केव्हा सुरू करायचे याचेच नियम निराळे होते: कोणी फोन वाजल्यापासून वेळ धरी, कोणी पत्ता कळल्यापासून, तर कोणी गाडी नेमून दिल्यापासून. गाडी तीच, रस्ता तोच, रुग्णही तोच, फक्त घड्याळ उशिरा सुरू केले की कामगिरी सुधारलेली दिसे.

बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये पैशाच्या धोरणासंदर्भात मांडलेले निरीक्षण आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. एखाद्या आकड्याचा लगाम म्हणून वापर सुरू झाला की तो आकडा पूर्वीसारखा भरवशाचा राहत नाही. आपल्याला हे त्याच दशकात फार कठोरपणे कळले. आणीबाणीत शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशा सगळ्यांना नसबंदीच्या ‘केसेस’चा कोटा ठरवून दिला होता. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. आकडा पुरा झाला. त्या आकड्यात म्हातारी माणसे होती, अविवाहित होती, ज्यांना काय चालले आहे हे कोणी सांगितलेच नव्हते अशी माणसे होती. कुटुंब नियोजनावरचा लोकांचा विश्वास त्या एका वर्षाने जो उडवला, तो कुठल्याच प्रपत्रात मोजला गेला नाही. वरून येणारी उद्दिष्टे अधिकृतपणे काढायला 1996 उजाडले.

पोलिसांच्या कामात तर आकड्याचा अर्थच उलटा होतो. ठाण्यात गुन्हे वाढले की ठाणेदाराला जाब विचारला जातो, म्हणून गुन्हा नोंदवायचाच नाही हा सोपा मार्ग ठरतो. लोकलच्या गर्दीत मोबाइल मारला गेला तर चोरीऐवजी ‘गहाळ’ अशी नोंद होते. मारहाण अदखलपात्र म्हणून लिहिली जाते आणि तक्रारदाराला कोर्टात जाण्याचा सल्ला मिळतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर प्रथम खबर नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला 12 नोव्हेंबर 2013 रोजी ललिताकुमारी प्रकरणात सांगावे लागले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही आपल्या वार्षिक अहवालात बजावतो की नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हेगारी वाढली असा अर्थ काढू नका. एखाद्या ठाण्यात बाई न घाबरता तक्रार द्यायला येऊ लागली, तिचे ऐकले जाऊ लागले, तर त्या ठाण्याचा आकडा चढणार. ते चांगल्या कामाचे लक्षण आहे. पण आढावा बैठकीत पडद्यावर ते ठाणे लाल रंगात दिसते.

ब्रिटनने याला एक उत्तर शोधले. 1982 पासून तिथे घरोघर जाऊन लोकांनाच विचारतात की गेल्या वर्षभरात तुमच्यावर कोणता गुन्हा घडला आणि तो तुम्ही पोलिसांना सांगितला का. पोलिसांची नोंद एकीकडे, लोकांचे सांगणे दुसरीकडे. दोन्ही ताडून पाहिली की मधली फट दिसते. ती इतकी भरवशाची खूण ठरली की जानेवारी 2014 मध्ये तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या नोंदींना दिलेला ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जाच काढून घेतला. दुसरी वही नसती, तर पहिलीत काय लिहायचे राहिले हे कोणालाच कळले नसते.

ही दुसऱ्या वहीची कल्पना जगाला ज्या कामातून मिळाली, ते काम आपल्या देशात झाले आहे. कोलकात्याजवळ सिंगूर नावाचे गाव आहे. आता ते मोटार कारखान्याच्या वादामुळे माहीत आहे, पण 1940 च्या दशकात तिथे आरोग्याच्या अभ्यासाचे मोठे क्षेत्र होते. तिथल्या जन्ममृत्यूंच्या सरकारी नोंदी किती पुऱ्या आहेत, हे तपासण्याचे काम संख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन यांनी हाती घेतले. सोबत अमेरिकेचे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग होते. 1949 मध्ये दोघांनी मिळून निबंध प्रसिद्ध केला. त्यातली युक्ती शाळकरी गणिताने समजते, आणि ती इतकी देखणी आहे की इथे थोडे थांबू या.

समजा, एका भागातल्या निबंधकाच्या वहीत वर्षभरात 80 मृत्यू आहेत. त्या वहीकडे न बघता दुसरा माणूस घरोघर फिरला आणि त्याला 70 मृत्यू सापडले. दोन्ही याद्या नावानिशी जुळवल्या, तर 56 नावे दोन्हींत आहेत. म्हणजे फक्त पहिल्या वहीत 24, फक्त दुसरीत 14. आता दुसऱ्या माणसाला सापडलेल्या 70 पैकी 56 पहिल्या वहीत होते, याचा अर्थ पहिली वही शंभरांतले 80 मृत्यू पकडते. मग तिने पकडलेले 80 हे एकूण किती मृत्यूंचे 80 टक्के? शंभराचे. दोन्ही वह्यांत मिळून वेगवेगळे 94 आहेत, तेव्हा कोणाच्याच हाती न लागलेले 6 मृत्यू आहेत. जे कोणी पाहिले नाहीत, कोणी लिहिले नाहीत, त्यांचीही मोजदाद होते.

यात एक अट आहे. दोन्ही वह्या एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र हव्यात. दुसऱ्याने पहिलीची नक्कल केली तर सगळी नावे जुळतात, आणि गणित सांगते की नोंद शंभर टक्के पुरी आहे. म्हणून सरकारी कामात दोन अहवाल तंतोतंत जुळले की अनुभवी संख्याशास्त्रज्ञ खूश होत नाही, तो शंका घेतो. दुसरी मर्यादा जास्त वेदनेची आहे. घरी बाळंत झालेल्या बाईचे बाळ दोन तासांत गेले, त्याला नाव नव्हते, बारसे नव्हते, घरच्यांनी ते ‘मेलेलेच जन्मले’ म्हटले, तर ते पहिल्या वहीतही येत नाही आणि दुसरीतही नाही. अशा मृत्यूंपुरता अंदाज कमीच येतो.

या पद्धतीवर भारताची नमुना नोंदणी योजना उभी राहिली. 1964-65 मध्ये तिचे प्रयोग सुरू झाले आणि दशक संपता संपता ती देशभर पोचली. निवडलेल्या प्रत्येक गावात किंवा वस्तीत एक स्थानिक माणूस, बहुतेक वेळा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर जन्ममृत्यू लिहीत राहतो. दर सहा महिन्यांनी बाहेरून पर्यवेक्षक येतो आणि स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. याद्या जुळवतात, न जुळणाऱ्या नावांसाठी पुन्हा त्या घरी जातात. हे काम आरोग्य खात्याकडे नाही, महानिबंधकांच्या कार्यालयाकडे म्हणजे गृह मंत्रालयाकडे आहे. आपल्या देशात 1971 मध्ये हजार जन्मांमागे 129 अर्भके वर्षाच्या आत दगावत होती आणि 2020 मध्ये 28, हे जे आपण विश्वासाने म्हणतो ते या व्यवस्थेच्या जोरावर. महाराष्ट्राचा 2020 चा आकडा 16 आहे. ज्याला अर्भकमृत्यू कमी झाल्याचे श्रेय घ्यायचे आहे, त्या खात्याने हा आकडा लिहिलेला नाही, म्हणून तो मला खरा वाटतो.

चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्याविषयक संस्थेचे संचालक झाले. देवनारची आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. डेमिंग जपानला गेले आणि तिथल्या कारखानदारांचे गुरू झाले. त्यांनी व्यवस्थापकांना चौदा सूत्रे दिली. त्यांत कामगारांना आकड्यांचे कोटे लावू नका, असे सांगितले आहे, आणि कामाच्या जागेवरून भीती घालवा, असेही. मोजणीची इतकी काटेकोर पद्धत देणाऱ्या माणसाने कोट्यांना विरोध का केला, याचे अनेकांना नवल वाटते. मला यात विसंगती दिसत नाही. भीती असलेल्या जागी मोजणी टिकत नाही, हे ज्याने मोजणी केली आहे त्यालाच कळते.

गडचिरोलीत हे सगळे एकत्र आले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. 1988 मध्ये त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातले अर्भकमृत्यू मोजले, तेव्हा हजारामागे 121 असा दर निघाला. त्यासाठी त्यांनी गावातल्या आरोग्यसेवकाला जन्ममृत्यू लिहायला शिकवले आणि वर्षातून दोनदा पर्यवेक्षकाकडून घरोघर पडताळणी करून घेतली. पुढे 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. 1999 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. जगाने या आकड्यावर विश्वास ठेवला, कारण तो कसा मोजला हे कोणालाही तपासता येत होते. तुलनेच्या गावांतही तितक्याच काळजीने मोजले होते, आणि तिथे दर जवळजवळ जागच्या जागी होता.

त्यानंतर राज्यातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात त्याच पद्धतीने बालमृत्यू मोजले आणि 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. सरकारी नोंदींपेक्षा त्यातले दर कितीतरी जास्त होते. सरकारच्या वहीत बालमृत्यू कमी दिसत होते, कारण बहुतेक बालमृत्यू त्या वहीत पोचतच नव्हते. यावर गदारोळ झाला. पण मग राज्य सरकारने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद खुद्द अभय बंग यांना दिले. टीकाकाराच्याच हातात दुसरी वही देण्याचा हा निर्णय महाराष्ट्राच्या प्रशासनातला एक मोठा निर्णय आहे, असे मी मानतो, आणि त्याची आठवण पुरेशी ठेवली जात नाही याचे मला वाईट वाटते.

अशा वेळी जिल्ह्यात काय घडते ते समजून घ्यायला हवे. वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितले की एकही मृत्यू दडवू नका, तुम्हाला कोणी बोलणार नाही. तिसऱ्या महिन्यात त्याच्या केंद्राचे बालमृत्यू दुप्पट दिसू लागतात. खरे तर एकही बाळ जास्त गेलेले नसते. शेजारच्या केंद्रात ‘निरंक’ चालूच असते. मुंबईत बसलेल्या माणसाने फक्त दर पाहिला तर प्रामाणिक अधिकाऱ्याची बदली होते आणि दुसऱ्याचा सत्कार होतो. दरासोबत नोंदीची पूर्णता, म्हणजे दुसऱ्या वहीतल्या शंभरांपैकी किती नावे पहिलीत सापडली, हा आकडा छापला तर चित्र लगेच पालटते. नोंद 30 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेली असेल, तर दर चढला तरी ते केंद्र सुधारले आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या अहवालात हा दुसरा रकाना का नाही, हा प्रश्न आमदारांनी विधानसभेत विचारण्याजोगा आहे.

2005 मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. कुपोषण दडवण्याऐवजी बाहेर काढा, वजने खरी लिहा, यावर मिशनचा भर होता. 2012 मध्ये सरकारने देवनारच्या त्या संस्थेकडून राज्यभर पोषण सर्वेक्षण करून घेतले. दोन वर्षांखालच्या, उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होते, ते सुमारे 24 टक्क्यांवर आले होते. इतक्या थोड्या काळात एवढी घट क्वचितच दिसते, आणि ती अंगणवाडीच्या रजिस्टरातून काढलेली नव्हती म्हणून देशोदेशींच्या अभ्यासकांनी तिची दखल घेतली. पुढची बातमी तितकी चांगली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या, उंची खुंटलेल्या मुलांचे राज्यातले प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होते आणि 2019-21 मध्ये 35.2. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही वेळा 25.6 टक्के. सुधारणा थांबली आहे, हे आपल्याला दुसऱ्या वहीने सांगितले.

सर्वेक्षण खर्चाचे असते आणि काही वर्षांनी एकदा होते, ही तक्रार रास्त आहे. पण दुसरी वही लहानही असू शकते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. दाखला, नोंद, परवाना ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर दोन अपिले, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांची शास्ती. मुदतीत दिलेल्या सेवांची टक्केवारी संगणक आपोआप काढतो. मात्र मुदत मोजायला सुरुवात होते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज घेण्याआधी ‘हा कागद आणा, तो कागद आणा’ म्हणून घातलेल्या फेऱ्या त्या घड्याळात नाहीत, आणि त्रुटी काढून परत केलेला अर्ज पुन्हा नव्याने मोजला जाऊ शकतो. इंग्लंडच्या रुग्णवाहिकांचे घड्याळ जिथे अडकले होते, तिथेच हेही अडकू शकते.

इथे दुसरी वही फार स्वस्तात होईल. दर महिन्याला प्रत्येक तालुक्यातले पन्नास अर्जदार चिठ्ठ्या टाकून निवडावेत. शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना फोन करून तीनच प्रश्न विचारावेत: या कामासाठी कचेरीत पहिल्यांदा केव्हा गेलात, किती फेऱ्या झाल्या, आणि कोणाला किती पैसे द्यावे लागले. उत्तरे नावाविना, तालुकावार, संगणकाच्या टक्केवारीशेजारी तहसीलच्या फलकावर लावावीत. पहिले वर्षभर त्यावरून कोणालाही नोटीस काढू नये.